‘या संगणकावर जतन’ म्हणजे नेमके कुठे? इंदूरमधील एका वाचनालयाचे प्रकरण

इंदूरच्या रामबाग भागातील एका जुन्या मराठी वाचनालयात गेल्या पावसाळ्यात घडलेल्या प्रकाराची ही नोंद आहे. वाचनालयाकडे देणगीतून आलेले दोन संगणक आहेत. एक खिडकीजवळ ठेवलेला, ३२-बिट विंडोज ७ आणि २ जीबी रॅम असलेला. दुसरा कपाटाजवळचा, विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला. या दोन संगणकांवर तीन माणसे दुर्मिळ पुस्तकांची सूची तयार करत होती: ग्रंथपाल काकू, एक निवृत्त शिक्षक आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. प्रत्येक पुस्तकाचे चार-सहा ओळींचे टिपण, मुखपृष्ठावर शकाचे वर्ष असेल तर त्यावरून काढलेले इसवी सन, प्रतीची अवस्था, आत कोणाची सही किंवा अर्पण असल्यास त्याची नोंद, असे हे काम होते, आणि ते गुगल डॉक्समध्ये, एका अक्षराला एक दस्तऐवज या पद्धतीने चालले होते.

वाचनालयात इंटरनेटची जोडणी नाही. मुलगी मंगळवारी आणि शनिवारी येते, तेव्हा तिच्या फोनचा हॉटस्पॉट दोन्ही संगणकांना मिळतो. उरलेले दिवस सगळे लेखन इंटरनेटशिवाय, म्हणजे क्रोम या ब्राउझरमधील ‘गुगल डॉक्स ऑफलाइन’ या एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या पुरवणी प्रोग्रामच्या) आधारे होत असे. काही महिने ही व्यवस्था सुरळीत चालली. मग एकाच पंधरवड्यात दोन्ही संगणकांवर ती बिघडली आणि दोष अर्थातच एक्स्टेन्शनवर गेला, कारण दोन्हीकडे समान दिसणारी गोष्ट तेवढी एकच होती.

मला बोलावणे आले तोपर्यंत एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. कपाटाजवळचा संगणक फार हळू चालतो आणि काही दस्तऐवज इंटरनेटशिवाय उघडत नाहीत, अशी तक्रार त्याला सांगितली होती. त्याने एक्स्टेन्शन काढून पुन्हा बसवले, क्रोममधील ‘ब्राउझिंग डेटा’ कुकीज आणि साइट डेटासकट (म्हणजे संकेतस्थळांनी संगणकावर ठेवलेल्या माहितीसकट) अगदी पहिल्या दिवसापासूनचा पुसला, आणि पुन्हा कचरा साठू नये म्हणून एक सेटिंगही बदलून ठेवली. ती कोणती, हे मला नंतर कळले. शिक्षकांनी ‘क’ या अक्षरावर तीन संध्याकाळी बसून लिहिलेली टिपणे त्याच दिवशी गेली. तंत्रज्ञाने हे मुद्दाम केले नाही. त्याने पुसलेल्या साठ्यात कोणाचे तरी लेखन असू शकते, याची त्याला कल्पना नव्हती, आणि खरे सांगायचे तर वाचनालयातही कोणाला नव्हती.

मजकूर असतो कुठे

पुढचे सारे निर्णय ज्यावर अवलंबून होते ते आधी सांगतो. इंटरनेट नसताना लिहिलेला मजकूर एक्स्टेन्शनमध्ये नसतो. तो ‘माय डॉक्युमेंट्स’सारख्या एखाद्या फोल्डरमध्ये वर्ड फाइल म्हणून पडलेलाही नसतो. डॉक्स चालवणारा प्रोग्राम सर्व्हिस वर्करच्या (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या) मदतीने ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, आणि दस्तऐवजांचा मजकूर इंडेक्स्ड-डीबी नावाच्या ब्राउझरच्या अंतर्गत साठ्यात राहतो. एक्स्टेन्शन या व्यवस्थेचा दारवान आहे. दस्तऐवजाच्या नावाशेजारी ‘सेव्ह्ड टू धिस डिव्हाइस’ (या संगणकावर जतन) असे दिसते तेव्हा त्यातील ‘डिव्हाइस’चा खरा अर्थ असा, की हा संगणक, त्यावरील हा विंडोज वापरकर्ता, आणि त्या वापरकर्त्याच्या क्रोममधील हे एकच प्रोफाइल, म्हणजे क्रोममधला त्याचा स्वतंत्र कप्पा. इंटरनेट मिळून तेथे ‘सेव्ह्ड टू ड्राइव्ह’ (गुगलच्या इंटरनेटवरील साठ्यात जतन) अशी अक्षरे येईपर्यंत त्या लेखनाची जगात दुसरी प्रत नसते.

म्हणून अशा तक्रारीत दुरुस्तीच्या आधी एक काम असते: जे अजून वर गेलेले नाही ते वाचवणे. ते होईपर्यंत एक्स्टेन्शन काढायचे नाही, ‘ऑफलाइन’ची खूण काढून पुन्हा लावायची नाही, साइट डेटा पुसायचा नाही, खात्यातून बाहेर पडायचे नाही. एरवी बिघाड झाला की आपले हात नेमके याच चार गोष्टींकडे जातात.

जुन्या विंडोजवर एक्स्टेन्शन न काढण्याचे आणखी एक कारण आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून किमान विंडोज १० लागते. एक्स्टेन्शन तयार करणाऱ्याला त्यात किमान क्रोम-आवृत्ती नमूद करता येते, आणि त्याहून जुन्या क्रोमवर वेब स्टोअर ते बसवू देत नाही. एकदा बसलेले जुने एक्स्टेन्शन चालत राहू शकते. पण ते हाताने काढले, तर त्या संगणकावर परत बसेलच याची हमी नाही. खिडकीजवळच्या संगणकाला तंत्रज्ञाने हात लावला नव्हता, याचे मला म्हणूनच मोठे समाधान वाटले.

खिडकीजवळचा संगणक

काकूंनी आपली अडचण एका वाक्यात सांगितली: “अरे, इथे मला सगळं लिहिलेलं दिसतंय, पण पोरीच्या फोनवर ‘ग’मधलं काहीच येत नाही.” अकरा दिवसांत तीन वेळा हॉटस्पॉट जोडून झाला होता. दस्तऐवज उघडत होता, लिहिता येत होते, आणि तरी नावाशेजारी ‘सेव्ह्ड टू धिस डिव्हाइस’ हीच अक्षरे कायम होती. म्हणजे ऑफलाइनची बाजू उत्तम चालली होती. बिघाड इंटरनेट आल्यानंतरच्या टप्प्यात होता. तक्रारीच्या शब्दांत मात्र हा फरक हरवला होता, कारण सगळे जण ‘ऑफलाइन बिघडलं’ एवढेच म्हणत होते.

आधी मजकूर वाचवला. दस्तऐवज उघडून सर्व मजकूर निवडला, त्याची नक्कल नोटपॅडमध्ये उतरवली आणि फाइल पेन ड्राइव्हवर जतन केली. येथे मराठी लिहिणाऱ्यांनी जपण्यासारखी एक जागा आहे. विंडोज ७ मधील नोटपॅड फाइल मुळात ‘अ‍ॅन्सी’ या सांकेतिक पद्धतीने जतन करते आणि त्या पद्धतीत देवनागरीला स्थान नाही. जतन करताना येणारी सूचना न वाचता पुढे गेल्यास सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. जतन करण्याच्या खिडकीत खाली ‘एन्कोडिंग’ असे लिहिलेले असते, तेथे ‘यूटीएफ-८’ निवडावे लागते. (विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरते, पण हा संगणक त्याच्या फार आधीचा.) फाइल बंद करून पुन्हा उघडली, ‘ग’ची पहिली आणि शेवटची नोंद वाचून पाहिली, आणि मगच पुढे गेलो. त्यानंतर क्रोम पूर्ण बंद करून त्याचे ‘यूजर डेटा’ हे संपूर्ण फोल्डरही पेन ड्राइव्हवर उतरवले. त्याची पुढे गरज पडली नाही.

हॉटस्पॉट जोडून दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहिले, तर ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ अशा अर्थाचे क्रोमचे इंग्रजी पान समोर आले. काकूंना ते आधीही दोनदा दिसले होते आणि जाहिरात समजून त्यांनी ते बंद केले होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वेळ बरोबर वाटत होती, म्हणजे सकाळचे अकरा-साडेअकरा. तारीख पाहण्यासाठी त्यावर टिचकी मारली तेव्हा वर्ष २००९ निघाले.

कारण पुढे सरळ होते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. २००९ सालात बसलेल्या संगणकाच्या दृष्टीने आजचे कोणतेही प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. त्यामुळे हॉटस्पॉट असूनही डॉक्सच्या लेखी इंटरनेट नव्हतेच, आणि ते निमूटपणे सगळे संगणकावरच जतन करत राहिले.

घड्याळ मागे का गेले, याचे उत्तर वाचनालयाच्या एका चांगल्या सवयीत होते. जुन्या इमारतीतील वायरिंगच्या काळजीने काकू रोज संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावतात. वीज नसताना संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. सीआर२०३२ नावाची ही ३ व्होल्टची बॅटरी काही वर्षांनी उतरते. मल्टीमीटरवर ती २.२ व्होल्ट दाखवत होती. संगणक दिवसरात्र विजेला जोडलेला असता, तर ही बॅटरी मेली आहे हे कदाचित आणखी वर्षभर कळले नसते. विंडोजने इंटरनेटवरून वेळ आपणहून दुरुस्त का केली नाही, हा प्रश्न मुलीने विचारला आणि तो योग्य होता. घरगुती मांडणीत विंडोज ती जुळणी मुळात आठवड्यातून एकदाच करते, आणि फरक १५ तासांहून अधिक असेल तर दुरुस्ती नाकारते. ‘आत्ता जुळवा’ हे बटण दाबून पाहिले, तेव्हा तारीख जुळत नसल्याने सुरक्षेच्या कारणास्तव वेळ जुळवता येत नाही, अशा अर्थाचा संदेश आला. आधी तारीख हाताने बरोबर करावी लागते.

तारीख बरोबर करून क्रोम बंद करून पुन्हा उघडले, ‘ग’चा दस्तऐवज समोर ठेवला आणि आम्ही थांबलो. दोन-तीन मिनिटांत अक्षरे बदलून ‘सेव्ह्ड टू ड्राइव्ह’ झाली. मुलीने फोनवर तोच दस्तऐवज उघडला आणि काकूंची शेवटची नोंद मोठ्याने वाचून दाखवली. काकू काही बोलल्या नाहीत; त्यांनी उठून नोंदवहीत त्या पानावर खूण केली.

नवी बॅटरी रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमधून आणून बसवली. बॅटरी काढण्यापूर्वी बायॉसमधील (विंडोजच्या आधी संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) डिस्कची पद्धत, म्हणजे ‘आयडीई’ की ‘एएचसीआय’, कागदावर लिहून ठेवावी. ती मूळ स्थितीला जाताना बदलली तर विंडोज ७ सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकते. येथे मात्र ती भीती नव्हती, कारण बॅटरी मेलेली असल्याने बायॉस रोजच मूळ स्थितीला जात होते आणि तरी विंडोज नीट सुरू होत होते. रात्री नेहमीप्रमाणे मुख्य स्विच बंद करायला सांगितला. सकाळी तारीख बरोबर होती.

कपाटाजवळचा संगणक

येथे मूळ तक्रार खरी होती, उपाय चुकला होता. वाचनालयाच्या दाखल-नोंदवहीची ३८० पाने काही महिन्यांपूर्वी स्कॅन केली होती. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके), रंगीत आणि कॉम्प्रेस न करता टिफ या चित्र-फाइलच्या स्वरूपात ठेवले, तर ते सुमारे २६ एमबी जागा घेते. ३८० पानांचे जवळपास १० जीबी झाले. ही पाने ६० जीबीच्या सी ड्राइव्हवरच पडून होती आणि तेथे ७०० एमबीसुद्धा मोकळी उरली नव्हती. डिस्क अशी भरली की संगणकही मंदावतो आणि ऑफलाइनसाठी दस्तऐवजांच्या नव्या प्रतीही उतरत नाहीत. पुरेशी मोकळी जागा ही या सोयीची मूलभूत अट आहे. तक्रारीतील दोन्ही गोष्टींचे कारण एकच होते, आणि ते ब्राउझरच्या बाहेर होते.

टिफ फाइल आम्ही दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर हलवल्या. त्या लहान करून मूळ पुसावे असे एकाने सुचवले होते, त्याला मी विरोध केला. त्या नोंदवहीची शाई फिकट होत चालली आहे आणि तिची इतकी स्पष्ट छायाचित्रे पुन्हा निघतील असे मला वाटत नाही.

जागा झाली तरी दुसरा दोष राहिला. शनिवारी ऑफलाइन चालू करावे, ते चालावे, आणि सोमवारी संगणक उघडला की डॉक्स पुन्हा कोरे. शिवाय दर मंगळवारी खात्याचा पासवर्ड नव्याने विचारला जाई. ही पासवर्डची गोष्ट कोणी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, पण उलगडा तिच्यातूनच झाला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात, सगळ्या खिडक्या बंद करताच संकेतस्थळांनी ठेवलेला डेटा पुसण्याची एक सोय असते. तंत्रज्ञाने बदललेली सेटिंग हीच. सायबर कॅफेतील संगणकावर ती अवश्य असावी. ज्या संगणकावर माणसे इंटरनेटशिवाय लिहितात, तेथे ती रोज संध्याकाळी त्यांचे लेखन पुसते. ती बंद केली.

तिसरी अडचण लहान होती. शिक्षक आणि मुलगी एकाच क्रोम प्रोफाइलमध्ये आलटून पालटून आपापली खाती वापरत, आणि एका प्रोफाइलमध्ये ऑफलाइन सोय एकाच खात्याला मिळते. दोघांची दोन प्रोफाइल केली. ४ जीबी रॅम असल्याने एकाचे काम संपले की त्याच्या खिडक्या बंद करूनच दुसऱ्याने बसायचे ठरवले. ऑफलाइन सोय आपणहून अलीकडे वापरलेले दस्तऐवजच उतरवते, त्यामुळे महिनोन्‌महिने न उघडलेले ‘अ’ आणि ‘आ’ हे दस्तऐवज एकेक करून ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ असे खुणावले.

शिक्षकांच्या ‘क’बद्दल मला काही करता आले नाही. दस्तऐवजाच्या आवृत्ती-इतिहासात त्याआधीच्या शनिवारपर्यंतचेच लेखन होते, कारण पुढचे वर गेलेच नव्हते. पुसलेल्या फाइल डिस्कवरून परत काढणाऱ्या प्रोग्रामचा विचार केला आणि सोडून दिला: इतक्या भरलेल्या डिस्कवर आठवडाभर काम झाल्यानंतर जुन्या जागांवर नवे काही लिहिले गेले असणार, आणि ब्राउझरच्या साठ्यातील अर्धवट तुकड्यांतून सलग मराठी मजकूर जुळवण्याची आशा शिक्षकांना दाखवणे मला योग्य वाटले नाही. मी तसे स्पष्ट सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पिशवीतून कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक पुस्तक हातात घेताना त्यांनी पेन्सिलीने चार शब्द टिपून ठेवले होते. त्यांवरून बहुतेक नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या. सात-आठ पुस्तके मात्र कपाटातून परत काढावी लागली, कारण त्यांतील हस्तलिखित अर्पणे चिठ्ठीवर उतरवलेली नव्हती.

चाचणी आणि आताची स्थिती

दोन्ही संगणक नीट झाले असे म्हणण्यापूर्वी एक चाचणी घेतली. ती क्रमानेच घ्यावी लागते. हॉटस्पॉट बंद करून दस्तऐवजात एक ओळ लिहिली. क्रोम बंद केले, संगणक बंद केला, मुख्य स्विच बंद केला, आणि रात्र जाऊ दिली. सकाळी इंटरनेटशिवायच दस्तऐवज उघडला, ओळ जागेवर आहे हे पाहिले, मग हॉटस्पॉट जोडून ‘सेव्ह्ड टू ड्राइव्ह’ येईपर्यंत थांबलो आणि तीच ओळ फोनवर वाचली. नुसते वायफाय बंद करून तेथल्या तेथे पाहिले असते, तर घड्याळ आणि पुसणारी सेटिंग हे दोन्ही दोष या चाचणीतून सुटले असते, कारण ते संगणक किंवा ब्राउझर बंद झाल्यावरच प्रकट होत होते.

खिडकीजवळच्या संगणकाचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. क्रोम १०९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि गुगल डॉक्स अधिकृतपणे क्रोमच्या अगदी अलीकडच्या आवृत्त्यांनाच पाठिंबा देते. आज चालते ते उद्या चालेलच असे नाही. कपाटाजवळच्या संगणकाच्या विंडोज १० चाही सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. खिडकीजवळच्या संगणकाचा प्रोसेसर ६४-बिटचा आहे, म्हणून रॅम ४ जीबी करून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आणि लिनक्सवरील क्रोम घालावे, असे मी सुचवले आहे. लिनक्ससाठी क्रोम ६४-बिटमध्येच मिळते, त्यामुळे प्रोसेसरची ही खात्री आधी करून घेतली. सूचीचे काम चालू असताना हा बदल करू नये, असेही मी वाचनालयाच्या समितीला लिहून दिले. सगळे दस्तऐवज ड्राइव्हवर पोचलेले आहेत हे एकेक तपासल्यावरच विंडोज काढायचे आहे.

काकूंनी दाखल-नोंदवहीच्या शेजारी एक साधी वही ठेवली आहे. संगणक सुरू केला की पडद्यावरची तारीख वर्षासकट त्या वहीत लिहायची, आणि मंगळवार-शनिवारी हॉटस्पॉट बंद करण्यापूर्वी प्रत्येक उघड्या दस्तऐवजासमोर ‘ड्राइव्ह’ असे लिहून सही करायची. मागच्या शनिवारी मी गेलो तेव्हा ‘घ’ चालू होता आणि शिक्षक ‘क’ची शेवटची तीन पुस्तके उघडून बसले होते.